आधी मीटर, मग उपदेश

पुण्यात घरगुती पाणीपट्टी ठरते ती घराच्या करयोग्य मूल्यावर. नळातून पाणी किती गेलं याच्याशी तिचा काही संबंध नाही. वन बीएचकेत एकट्या राहणाऱ्या आजी आणि शेजारच्या तशाच फ्लॅटमधलं सहा माणसांचं, रोज सकाळी पाइप लावून गाडी धुणारं बिऱ्हाड, दोघांची पाणीपट्टी सारखीच. उन्हाळ्यात सोसायटीनं टँकर मागवले की त्यांचा खर्चही मेंटेनन्समध्ये बरोबरीनं वाटला जातो. आजींनी वाचवलेल्या बादलीचा फायदा शेजाऱ्याला आणि शेजाऱ्यानं ओतलेल्या बादलीचा भुर्दंड आजींना. अशा व्यवस्थेत ‘पाणी जपून वापरा’ ही पाटी वाचून जपून वापरणार कोण? ज्या आधीपासून जपून वापरतायत त्या आजीच.

पाणी वाचवणं हा संस्कारांचा विषय आहे असं आपण शाळेपासून शिकवत आलो. निबंध लिहून घेतले, भिंती रंगवल्या, मार्चमध्ये जलदिन साजरे केले. मला या सगळ्याचा कंटाळा आला आहे. शहरातलं पाणी वाचवणं हा मुख्यतः हिशेबाचा विषय आहे. घरात येणारं पाणी घरटी मोजलं जात नाही आणि मोजमापाप्रमाणे बिल येत नाही, तोवर बाकीच्या सूचना ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहणार.

विजेचं बघा. एसी सोळावर लावून पांघरूण घेणाऱ्या मुलाला बाप रात्री उठून ओरडतो, ते पर्यावरणाच्या काळजीनं नव्हे. १०० युनिटनंतर आणि पुन्हा ३०० युनिटनंतर दर कशी उडी मारतो हे महावितरणच्या बिलानं त्याला नीट शिकवलेलं आहे. एलईडी दिवे घराघरांत गेले, पाच स्टारचे पंखे आणि फ्रिज खपायला लागले, ते लाइटबिल हातात पडतं म्हणून. पाण्याच्या बाबतीत तो कागदच घरात येत नाही. एका दिवसात आपल्या घरात किती लिटर पाणी लागतं, असं दहा घरांत विचारून बघा. माणशी १३५ लिटर हा सरकारी निकष बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. स्वतःचा आकडा माहीत असलेला माणूस सापडणं कठीण.

आकडा कळला की सर्वांत आधी संडासाकडे लक्ष जातं. आपल्याकडे पाणीबचतीचं बोलणं दात घासताना नळ बंद ठेवण्यापासून सुरू होतं आणि तिथंच संपतं. घरातला मोठा खर्च भिंतीवरच्या त्या फ्लशच्या टाकीत असतो. जुनी टाकी एका वेळेला दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडते. चार माणसांचं घर, माणशी दिवसाला पाच वेळा धरा: वीस वेळा दहा, म्हणजे २०० लिटर. तीन आणि सहा लिटरची दोन बटणं असलेली टाकी बसवली आणि सोळा वेळा छोटं, चार वेळा मोठं बटण दाबलं, तर ७२ लिटर. रोजचे १२८ लिटर वाचले, तेही कोणी अंघोळ आखडती न घेता. अशी पाच लाख घरं धरली तर वर्षाला २,३३६ कोटी लिटर होतात. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. खडकवासला धरणाची स्वतःची क्षमता १.९७ टीएमसी आहे. त्यातला चाळीस टक्के साठा नुसत्या टाक्या बदलून वाचतो.

टाकी नवी असली तरी ती गळत नाही ना, हे बघावं लागतं. नळाचं गळणं डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला दहा-पंधरा लिटर, आणि टपटप ऐकवत नाही म्हणून माणूस प्लंबरला बोलावतो. फ्लशची टाकी गळते ती मुकाट. आतलं रबर झिजतं, भांड्याच्या मागच्या बाजूनं पाण्याचा पातळ पापुद्रा उतरत राहतो, बॉलकॉक तेवढं पाणी भरत राहतो, आणि दिवसाला शेकडो लिटर जातात. ओळखायचं कसं, तर रात्री झोपताना टाकीत खायच्या रंगाची चिमूट टाकायची आणि पंधरा-वीस मिनिटं कोणी फ्लश करायचा नाही. भांड्यातलं पाणी रंगलं की वायसर गेला. वायसरची किंमत किरकोळ. पण ज्या घरात पाण्याचं बिल येत नाही, तिथं ही चिमूट टाकायची आठवण कोणाला होणार? मीटर असला तर आठवणीची गरजच नाही. रात्री सगळे झोपले असताना काटा फिरतो, एवढं पुरे.

दुसरी गोष्ट दाबाची. वीस मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येताना तळाच्या मजल्यांवर प्रचंड दाब येतो. मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, किंवा असूनही बिघडलेला असेल, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ हात धुवायला सुद्धा मिनिटाला पंधरा लिटर फेकतो. बेसिनखालचा अँगल कॉक दीड-दोन वेढे आवळला तर निम्मं पाणी वाचतं. पैसा लागत नाही, हातही तेवढेच धुतले जातात. आणि सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर लागतं काय? ‘घरकामाच्या बायकांनी भांडी घासताना नळ वाहता ठेवू नये.’ तीन बाथरूमच्या फ्लॅटमध्ये डोक्यावर पावसासारखा कोसळणारा शॉवर बसवणाऱ्याला कुणी नोटीस काढत नाही. ज्या बाईच्या वस्तीत पाणी सकाळी तासभर येतं आणि जिला हंडा-कळशीचा भाव पक्का ठाऊक आहे, तिला पाणी जपण्याचा धडा देणारे आपण.

पिण्याच्या पाण्याच्या यंत्राचंही तसंच. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सांगितलं की विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथं आरओला मनाई करावी. पुण्याला येणारं पानशेत-वरसगाव धरणांचं पाणी मुळात हलकं, म्हणजे कमी क्षारांचं. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याला आरओ लागतो हे मान्य. पण धरणाचं पाणी नळाला असलेल्या घरातही तो टांगलेला असतो, कारण विक्रेता दारात येऊन काचेच्या पेल्यात काहीतरी काळंबेरं करून दाखवून गेलेला असतो.

मग मीटर का बसत नाहीत? पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत लाखो मीटर बसवायचे ठरले, बरेच बसलेही. पण हे मीटर इमारतीच्या तोंडाशी, महापालिकेची लाइन जिथं आत येते तिथं. त्यानं सोसायटीला किती पाणी गेलं हे कळतं, फ्लॅटला किती ते नाही. तसंही घरगुती बिल अजून मिळकतकराच्या पावतीतूनच येतं आहे, कारण मीटरप्रमाणे बिल लावायचं म्हटलं की सगळ्याच पक्षांना निवडणूक आठवते. मुंबईत इमारतीला मीटर आहे आणि बिल हजार लिटरच्या दरानं येतं, तरी ते सोसायटीच्या नावावर येऊन फ्लॅटवार सारखं वाटलं जातं. गोष्ट तीच.

फ्लॅटला मीटर लावायला निघालं की एक अडचण येते, ती मुळात नकाशातली. आपल्याकडे बिल्डर गच्चीच्या टाकीतून प्रत्येक बाथरूमच्या डक्टमध्ये वेगळी उभी लाइन सोडतो. टू बीएचकेला दोन बाथरूमच्या दोन, स्वयंपाकघराची एक, कुठं ड्राय बाल्कनीची आणखी एक. घरात पाणी तीन-चार वाटांनी येतं, म्हणून एका घराला तीन-चार मीटर लागतात. खर्च चौपट, रीडिंगचा व्याप चौपट, आणि डक्टमध्ये उतरून मीटर बसवायला प्लंबर तयार होत नाही तो वेगळाच. सर्वसाधारण सभेत हा विषय निघतो, सेक्रेटरी कोटेशन वाचून दाखवतात, मागच्या खुर्चीवरून कोणीतरी म्हणतं की आधी लिफ्टचं बघा, आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

नव्या इमारतीत मजल्यावर एका जागी, जिन्याशेजारच्या डक्टमध्ये, प्रत्येक फ्लॅटची एकच लाइन काढायला काही जास्त अक्कल लागत नाही. विजेचे मीटर एका जागी येतातच ना? बांधकाम नियमावलीत आज पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणाची सक्ती आहे, मोठ्या प्रकल्पांना सांडपाणी प्रक्रियेची सक्ती आहे. त्यातली बरीच यंत्रणा भोगवटापत्र मिळेपर्यंत चालते आणि नंतर वीजबिल परवडत नाही, वास येतो, ऑपरेटर टिकत नाही म्हणून बंद पडते. एका फ्लॅटला एकच पाण्याची वाट आणि त्यावर मीटर, ही अट नकाशाला घातली तर तिला नंतर चालवायचा खर्च जवळजवळ नाही. तरी ती कोणी घालत नाही, कारण मीटर आला की पाणी किती येतं याचाही हिशेब ग्राहकाच्या हातात पडतो.

हे स्वप्नरंजन नाही. साताऱ्यात कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरनं हे केलं आहे. चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीला मीटर, आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर. चोवीस तास नळ चालू म्हटल्यावर लोक पाण्याचा धबधबा करतील असं सगळ्यांना वाटलं होतं; वापर उलट कमी झाला. पाणी दिवसातून तासभर येतं तेव्हा लोक टाक्या, पिंपं, बादल्या भरून ठेवतात, दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देतात. नळाला पाणी आहे याची खात्री असली की साठवणही जाते आणि ओतणंही.

केपटाऊनमध्ये २०१८ साली धरणं तळाला गेली, तेव्हा माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली आणि लोकांनी ती बऱ्यापैकी पाळलीही. पण ती घालता आली कारण घराघराचं रीडिंग पालिकेकडे होतं. मर्यादेत राहणाऱ्या घरांवर हिरवे ठिपके दाखवणारा नकाशा तिनं जाहीर केला. आपल्याकडे २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले आणि मैदानांवर पाणी मारण्याच्या चर्चेत आपण आठवडेच्या आठवडे घालवले. मैदानांवरचं पाणी वाचलं ते ठीक. पण तेव्हा पुण्या-मुंबईतल्या एखाद्या घरानं किती वापरावं असं ठरवलं असतं, तर ते मोजायचं साधन कुठं होतं?

आता दोन आक्षेप. दोन्ही खरे आहेत.

पहिला: राज्यातलं बहुतेक पाणी शेतीला जातं, त्यातलं भलंमोठं उसाला, मग माझ्या फ्लशनं काय होणार? उसाबद्दल बोलायलाच हवं, आणि ज्यांचे कारखाने आहेत त्यांनाच ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायला हवं. पण शहरातल्या पाण्याचा हिशेब नुसत्या लिटरांचा नसतो. घरात आलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं आपले अभियंते योजना आखताना धरतात. पुण्याचं हे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जातं. प्रक्रिया सगळ्यावर होत नाही. उजनीचं पाणी सोलापूर पितं, तेही चार-चार पाच-पाच दिवसांनी नळाला आलं तर. कोथरूडच्या फ्लॅटमधून विनाकारण गेलेले शंभर लिटर म्हणजे उजनीकडे निघालेलं ऐंशी लिटर मैलापाणी. उसाचं पाणी जास्त आहे म्हणून हे ऐंशी लिटर स्वच्छ होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. मीटर लावला की गरिबाचं मरण. दहा बाय बाराच्या दोन खोल्यांत नऊ माणसं राहतात, त्यांचा एक मीटर. समोरच्या टॉवरमध्ये नवराबायको आणि कुत्रा, त्यांचा एक मीटर. जोडणीवार चढता दर लावला तर नऊ माणसांचं घर वरच्या स्लॅबमध्ये जाणार आणि बागेला पाणी घालणारं दोघांचं घर खालच्या. म्हणून दर माणशी लावायला हवा, जोडणीवार नव्हे.

याचं उत्तर आपल्याच मातीत पन्नास वर्षांपूर्वी निघालेलं आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, घरातल्या डोक्यांवर मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. उसाला पाणी नाही. ज्याच्याकडे चाळीस एकर होते त्याला हा नियम किती कडू लागला असेल! शहरातही तेच करता येतं. रेशनकार्डावरच्या माणसांप्रमाणे ठरावीक पाणी अगदी स्वस्तात, हवं तर फुकट, आणि त्यावरच्या प्रत्येक हजार लिटरला झोंबेल असा दर. वस्तीतल्या सामाईक नळाला बिल नकोच. आज उलट चाललं आहे: ज्याच्या घरी पाणी कमी येतं तो खासगी टँकरचं किंवा जारचं पाणी महापालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून घेतो, आणि ज्याला भरपूर येतं त्याला ते जवळपास फुकट.

कामाच्या ठिकाणाबद्दल थोडक्यात, कारण तिथला रोग तोच आहे. ऑफिसातला माणूस दिवसाला ४५ लिटर वापरतो असं राष्ट्रीय बांधकाम संहिता धरते. त्यातलं बरंचसं मुतारी-संडासात जातं. तिथं बसवलेला सेन्सर कोणी नुसतं समोरून गेलं तरी पाणी सोडतो, आणि बिल भरणारं खातं वेगळ्या मजल्यावर बसतं. एसीच्या कूलिंग टॉवरमधून पाणी वाफ होऊन जातं. तिथं प्रक्रिया केलेलं सांडपाणी चालतं, पण टँकर लावणं सोपं. सरकारी कचेऱ्यांचं न बोललेलं बरं. तहसीलच्या आवारातला नळ गळत असेल तर तो दुरुस्त कोणी करायचा हा पत्रव्यवहाराचा विषय असतो, आणि वायसरपेक्षा टपालाला जास्त पैसे लागतात. एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे मात्र जाऊन बघा. त्यांना पाणी मीटरनं आणि घरगुतीच्या कैक पट दरानं मिळतं. तिथं शेडमधल्या प्रत्येक लाइनवर उपमीटर असतो, धुण्याचं पाणी पुन्हा वापरलं जातं, आणि कोणत्या विभागात पाणी किती वाढलं हे महिन्याच्या बैठकीत विचारलं जातं. कारखानदार काही आपल्यापेक्षा जास्त संस्कारी नसतो.

हे सगळं झालं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो विचारल्याशिवाय पुणेकरानं मीटरला हो म्हणू नये असं माझं मत आहे. वाचलेल्या पाण्याचं होणार काय? खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून २९.१५ टीएमसी मावतं. त्याच पाण्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती अवलंबून. दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीत शहर आणि ग्रामीण भाग एकमेकांसमोर उभे राहतात, पालकमंत्री दोघांची समजूत काढतात आणि आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी कधी आणि किती सोडायचं ते, ठरतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी कालव्यात सोडून शेतीला द्यायचं, असा करारही झाला. ते पाणी पुरेसं सुटतं का, चांगलं असतं का, यावर भांडण चालूच आहे. या सगळ्यात शहराच्या कडेला टॉवर वाढतायत. तिथं नळाला पाणी नसतं, बिल्डरनं ‘महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी देईन’ असं हमीपत्र दिलेलं असतं आणि रहिवासी टँकर मोजत बसतात. कोथरूडच्या आजींनी वाचवलेलं पाणी उद्या आणखी एका टॉवरच्या परवानगीत जिरणार असेल, तर त्या बचतीला अर्थ काय? मुंबईचंही असंच. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. मुंबईनं वाचवलेला थेंब शहापुरात पोहोचेल अशी पाइपलाइन नाही आणि तसा कागदही नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार दर वर्षी पावसाळा संपला की पाण्याचं अंदाजपत्रक मांडतं. पाऊस किती पडला, किती मुरला, पिण्याला किती, जनावरांना किती, उरलेल्यात कोणतं पीक बसतं, हे ग्रामसभेत ठरतं. दीड हजार वस्तीच्या आतबाहेरचं गाव जे करतं ते पुण्याची महापालिका करत नाही. तिच्या पैशांच्या अंदाजपत्रकाचे जाड खंड निघतात. पाण्याचं एक पानही निघत नाही. किती उचललं, किती गळालं (महापालिकेचे स्वतःचेच अहवाल तीस-चाळीस टक्के सांगत आले आहेत), कोणत्या प्रभागाला माणशी किती मिळालं, बचत झाली ती कुठल्या प्रभागाकडे वळवली: हे पान दर वर्षी निघालं पाहिजे, आणि मीटरचं पहिलं बिल येण्याआधी निघालं पाहिजे. ज्या यंत्रणेच्या पाइपांतून एवढं पाणी जमिनीत जातं तिनं नागरिकाला आधी बिल पाठवायचं आणि स्वतःचा हिशेब मागाहून द्यायचा, हे चालणार नाही.

तोवर सोसायट्यांनी हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. फ्लॅटला मीटर लावता येत नसला तरी विंगवार लावता येतो; गच्चीच्या प्रत्येक टाकीच्या बाहेर पडणाऱ्या मुख्य लाइनवर एक. खर्च दोन-चार टँकरच्या आसपास. दर महिन्याच्या एक तारखेला वॉचमननं रीडिंग घ्यायचं, महिन्याचा वापर विंगेतल्या डोक्यांनी आणि दिवसांनी भागायचा आणि लिफ्टशेजारी लिहायचं: ए विंग माणशी रोज १६० लिटर, बी विंग माणशी २१५, सी विंग माणशी १४०. पहिल्या महिन्यात मीटर चुकीचा आहे म्हणून भांडणं होतील. दुसऱ्या महिन्यात बी विंगवाले तळमजल्यापासून वरपर्यंत फ्लशच्या टाक्यांमध्ये रंग टाकत फिरतील. टँकरचा खर्च विंगवार वाटायचा ठराव मात्र त्याआधीच करून ठेवावा, कारण आकडे लागल्यावर बी विंगवाले त्याला हात वर करणार नाहीत.